एसओएफसीतलं क्रोमियम: दोष फक्त पत्र्याचा नसतो

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे एसओएफसी, हा तापलेल्या अवस्थेत इंधन आणि हवेपासून थेट वीज बनवणारा सिरॅमिकचा सेल. त्याचा स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेले सेल, काही शे तास चालवून उघडला आणि कॅथोडच्या (हवेकडच्या इलेक्ट्रोडच्या) कडेला पिवळसर पूड दिसली, की सगळ्यांची बोटं इंटरकनेक्टच्या, म्हणजे दोन सेल जोडणाऱ्या स्टेनलेसच्या पत्र्याकडे वळतात. पत्रा दोषी असतोच, पण एकटा नसतो. तापलेली हवा आणणारा पाइप, प्रीहीटर, क्लॅम्पचे बोल्ट, थर्मोकपलचं आवरण, भट्टीतलं नायक्रोमचं कॉइल हे सगळे त्याच हवेत क्रोमियम सोडत असतात. किती सोडतील हे ठरवण्यात हवेतल्या पाण्याचा हात लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. नाशकात एप्रिलची हवा ठणठणीत कोरडी आणि जुलैची ओलीचिंब, त्यामुळे इथे हा मुद्दा फक्त पुस्तकात राहत नाही.

पुढचं सगळं अंबड-सातपूर किंवा सिन्नरच्या एखाद्या शेडमध्ये बटण सेलचा (नाण्याएवढ्या एकट्या सेलचा) टेस्ट रिग किंवा किलोवॉटभराचा स्टॅक उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. झिर्कोनिया, मँगनाइट ही नावं आधी ऐकलेली आहेत असं गृहीत धरलं आहे.

वाफ नेमकी कशाची

स्टेनलेस स्टील तापलं की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा, म्हणजे क्रोमियाचा थर बसतो. हाच थर स्टीलला गंजापासून वाचवतो आणि हाच थर हळूहळू हवेत उडतो. कोरड्या हवेत तो क्रोमियम ट्रायऑक्साइड होऊन उडतो. ओल्या हवेत ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही घेऊन क्रोमियम ऑक्सिहायड्रॉक्साइड होऊन उडतो, आणि स्टॅकच्या नेहमीच्या तापमानाला हीच दुसरी वाट भारी पडते. १९९६ साली जर्मनीतल्या युलिशच्या गटाने हा हिशेब नीट मांडला, तेव्हापासून त्याबद्दल फारसा वाद नाही. दोन्ही रूपांत क्रोमियम सहा संयुजेचं असतं, हे सुरक्षिततेसाठी ध्यानात ठेवा.

ऑक्सिहायड्रॉक्साइडचा बाष्पदाब पाण्याच्या आंशिक दाबाच्या सरळ प्रमाणात वाढतो आणि ऑक्सिजनच्या दाबाच्या पाऊण घाताने. आता नाशिकचे आकडे घालून बघू. जुलैत २५ अंश से. आणि ८८ टक्के आर्द्रता धरली तर हवेतल्या पाण्याचा दाब सुमारे २.८ किलोपास्कल येतो. जानेवारीच्या सकाळी १० अंश आणि ६० टक्के धरले तर ०.७ च्या आसपास. एप्रिलच्या दुपारी ३७ अंश आणि १५ टक्के धरले तर ०.९ च्या थोडं वर. म्हणजे तोच स्टॅक, तेच तापमान, तोच पत्रा, आणि पावसाळ्यात क्रोमियमची वाफ तिप्पट ते जवळपास चौपट. एप्रिलचा उकाडा आणि जानेवारीची थंडी या हिशेबात शेजारी शेजारी बसतात, कारण इथे तापमान नाही तर पाणी मोजायचं आहे.

जाता जाता: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने ऑक्सिजनचा दाब थोडा कमी आहे. त्याने बाष्पदाब जेमतेम ५ टक्के घटतो. सोडून द्या.

शोधनिबंधांत "३ टक्के पाणी असलेली हवा" हा शब्दप्रयोग वारंवार येतो. २५ अंशांच्या पाण्यातून हवा बुडबुडे करत काढली की साधारण तेवढं पाणी मिळतं. नाशिकची जुलैची हवा बुडबुड्यांशिवायच तिथे पोहोचलेली असते. उलट अनेक प्रयोगशाळांत सेल चालवतात कॉम्प्रेसरच्या हवेवर. ७ बार दाबाला रेफ्रिजरेटेड ड्रायरने दवबिंदू ३ अंशांवर आणला आणि मग ती हवा साध्या दाबाला सोडली, की पाणी उरतं ०.१ टक्क्याच्या आसपास. त्या हवेत हजार तास छान चाललेला सेल प्रत्यक्षात ब्लोअरवर लावला की पहिल्या पावसाळ्यात मान टाकतो. चाचणीत सेल खरा असतो, हवा खोटी असते. टिकाऊपणाचा कुठलाही दावा ऐकला की पहिला प्रश्न हवा किती ओली होती हाच विचारावा.

आणखी एक गैरसमज खूप पसरलेला आहे: स्टॅक ८०० ऐवजी ६५० अंशांवर चालवला की क्रोमियमचा प्रश्न मिटतो. ट्रायऑक्साइडचा मिटतो, कारण त्याचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने पडतो. ऑक्सिहायड्रॉक्साइडचा दाब मात्र ८०० वरून ६५० वर येताना जेमतेम अडीच पट घटतो. जानेवारी ते जुलै या प्रवासात पाणी जेवढं वाढतं, त्यात ही सगळी बचत बुडून जाते.

कॅथोडमध्ये शिरल्यावर

एलएसएम (लँथेनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट) कॅथोडमध्ये ऑक्सिजनचं काम चालतं ते हवा, कॅथोड आणि इलेक्ट्रोलाइट जिथे भेटतात त्या कडेवर. क्रोमियमची वाफ तिथे पोहोचली की ऑक्सिजनसाठी आलेले इलेक्ट्रॉन तीच घेते आणि घन क्रोमिया किंवा मँगनीज-क्रोमियम स्पिनेल (दोन धातूंचा मिश्र ऑक्साइड) होऊन बसते. म्हणजे जागा सगळ्यात मोक्याची आणि अडवणूकही तिथेच. एलएसएममध्ये हे नुकसान विद्युतप्रवाह चालू असताना जास्त होतं, त्यामुळे नुसता तापवून ठेवलेला सेल तपासून "आमचा कॅथोड टिकतो" असं म्हणता येत नाही.

एलएससीएफ (लँथेनम स्ट्रॉन्शियम कोबाल्ट फेराइट) वेगळ्या तऱ्हेने मरतो. त्यातलं स्ट्रॉन्शियम तापमानात पृष्ठभागाकडे सरकतं आणि क्रोमियमला भेटून स्ट्रॉन्शियम क्रोमेट होतं. ही पिवळी पूड मुख्यतः इंटरकनेक्टकडच्या बाजूला, पत्र्याच्या बरगड्यांच्या आसपास सापडते, आणि तिच्यासाठी प्रवाह चालू असण्याची गरज नसते. पुढे स्ट्रॉन्शियम गमावलेला पेरोव्हस्काइट, म्हणजे कॅथोडचाच ऑक्साइड, ऑक्सिजनची देवाणघेवाण मंद करतो.

लँथेनम निकेल फेराइटमध्ये स्ट्रॉन्शियमही नाही आणि मँगनीजही नाही, त्यामुळे तो क्रोमियमला बरा तोंड देतो. अभय मात्र कुणालाच नाही.

कॅथोडच्या नादात सील विसरतात. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम असलेली काच क्रोमियावर बसवली की हवेकडच्या कडेला बेरियम क्रोमेट तयार होतं. त्याचं औष्णिक प्रसरण काचेपेक्षा खूप जास्त असल्याने थंड-गरम होताना जोड तिथूनच सुटायला लागतो. गळती आधी दिसते, कारण मागाहून कळतं. इंधनाच्या बाजूला ऑक्सिजनचा दाब इतका कमी असतो की क्रोमियम जवळपास उडतच नाही. पण एका अंगाला हायड्रोजन आणि दुसऱ्या अंगाला हवा अशा अवस्थेत त्याच पत्र्याच्या हवेकडच्या बाजूवर लोखंडाचा सैल ऑक्साइड वाढू शकतो, विशेषतः ६०० अंशांच्या आसपास. म्हणून पत्र्याची चाचणी दोन्ही बाजूंना हवा ठेवून केली तर तीही अर्धीच.

बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

फॅब्रिकेटरकडे गेलं की स्टेनलेसच्या जातीचं पहिलं उत्तर येतं ते "तीनशेचार लावू, नाहीतर तीनशेदहा". ३०४ चा प्रसरण गुणांक अंशामागे दहा लाखांत सुमारे १८, सेलमधल्या झिर्कोनियाचा १०.५. १०० मिमीच्या सेलवर ७०० अंशांचा फरक पडला की दोघांत अर्धा मिलिमीटर तफावत येते. सेल फुटतो, क्रोमियमपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. ३१० उष्णतेला उत्तम, पण त्यात क्रोमियम २४ ते २६ टक्के, थर शुद्ध क्रोमियाच्या जातीचा, आणि गरम हवेच्या पाइपाला तो वापरला की कॅथोडला थेट खुराक. भट्टीच्या धंद्यात ३१० ची जी कीर्ती आहे ती इथे उलटते.

४३० सहज मिळतो, प्रसरण जुळतं, चुंबकाला चिकटतो. अडचण सिलिकॉनची: अर्धा टक्का सिलिकॉनही क्रोमियाखाली सिलिकाचा पातळ थर घालतो आणि तो वीज वाहू देत नाही. ४४१ मध्ये नायोबियम असतं, ते सिलिकॉनला धातूतच बांधून ठेवतं, म्हणून कमी पैशांत काम करायचं तर ४४१ वर चांगलं लेपन हा माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग. क्रोफर २२ एपीयू हे युलिश आणि थिसेनक्रुप यांनी खास याच कामासाठी बनवलेलं स्टील: सुमारे २२ टक्के क्रोमियम, थोडं मँगनीज, किंचित लँथेनम, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मुद्दाम अगदी कमी. मँगनीजमुळे क्रोमियाच्या वर मँगनीज-क्रोमियम स्पिनेलचा थर येतो आणि बाष्पीभवन दोन-तीन पटींनी घटतं. बरं आहे, पुरेसं नाही. लेप नसलेला क्रोफर आणि उघडा एलएससीएफ ही जोडी टाळावीच.

माल घेताना एक खबरदारी. ३०४ म्हणून जे-फोर किंवा २०२ हे स्वस्त स्टेनलेस गळ्यात मारलं जाणं नवीन नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज भरपूर. चुंबकाने ते ओळखू येत नाही, दोन्ही चिकटत नाहीत. टेस्टिंगवाल्याकडून एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक वाचणाऱ्या यंत्राने) प्रत्येक पत्र्याचं क्रोमियम, निकेल, मँगनीज बघून घ्या. ४४१ घेताना नायोबियम आणि टायटॅनियमही वाचायला सांगा, नाहीतर त्या नावाखाली ४३० येतो.

गरम हवेच्या पाइपाला आणि प्रीहीटरला वीज वाहायची नसते, तिथे ॲल्युमिना तयार करणारी मिश्रधातू वापरता येते: लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियम, म्हणजे कांथलच्या घराण्यातली. नव्या नळ्या थेट ७५० अंशांवर चालू करू नका. त्या तापमानाला ॲल्युमिनाचा कच्चा, झिरपणारा थर बनतो. आधी हवेत १०५० ते ११०० अंशांवर काही तास भाजून घट्ट थर बसवायचा, मग जोडायचं. जोडणीत ३०९ स्टेनलेसची फिलर तार वापरून वेल्ड मारला तर त्या वेल्डच्या पट्ट्यावरून क्रोमियम उडत राहतं. एकतर जुळणारी फिलर मागा किंवा वेल्ड थंड भागात येईल असा आराखडा करा.

बटण सेलच्या रिगला तर धातू लागतच नाही. ९९.७ टक्के ॲल्युमिनाची नळी, तिची दोन्ही टोकं भट्टीच्या तोंडाबाहेर निदान २०० मिमी, आणि स्टीलचे फ्लँज त्या थंड टोकांवर. हाताला सोसवेल इतक्या थंड फ्लँजमधून काही उडत नाही. थर्मोकपल के-टाइप असेल तर त्याचं इन्कोनेल किंवा ३१० चं आवरण आत जाऊ देऊ नका. एका टोकाला बंद असलेल्या ॲल्युमिना नळीत तारा घाला. सेलवर दाब देणारी स्प्रिंग बाहेर, आत फक्त ॲल्युमिनाचा दांडा. वीज गोळा करायला सोन्याची किंवा प्लॅटिनमची जाळी. सराफ बाजारातून चांदीची तार आणून भागवणारे आहेत, आणि अल्प चाचणीला ती चालते. पण ९९९ टंचाचीच मागा, ९२.५ मध्ये तांबं येतं, आणि ७५० अंशांच्या पुढे चांदी स्वतःच उडून कॅथोडमध्ये फिरायला लागते. मग क्रोमियमचा परिणाम मोजताय की चांदीचा, हे सांगता येत नाही.

भट्टीचाही इतिहास विचारा. ज्या भट्टीत स्टेनलेसचे जॉब भाजले जातात किंवा जिचं कॉइल नायक्रोमचं आहे, तिच्यात ११०० अंशांवर कॅथोड भाजला तर सेल जन्मतःच दूषित निघतो. मोली रॉडची (मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्यांची) किंवा नीट भाजलेल्या कांथलची भट्टी घ्या, आणि सेल झाकणाच्या ॲल्युमिना डबीत ठेवा.

लेपन

मँगनीज-कोबाल्ट स्पिनेल, दोन्ही धातू समप्रमाणात, हा आजचा सर्वमान्य लेप आहे. प्रसरण स्टीलशी जुळतं आणि ८०० अंशांवर वीज क्रोमियाच्या हजारो पट चांगली वाहते.

पत्रा ०.५ मिमीचा. कापणी लेसरने करायची तर नायट्रोजनवर. ऑक्सिजनवर कापला की कडेला जाड काळा ऑक्साइड येतो आणि लेप तिथून सुटतो. कापलेल्या कडेची धार (बर) काढा, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोन आणि मग इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक धुलाई प्रत्येकी दहा मिनिटं. यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही, कारण घामातलं मीठ लेपाखाली डाग पाडतं. स्पिनेलची पूड १ मायक्रॉनच्या आसपासची, टर्पिनिऑल आणि इथाइल सेल्युलोजमध्ये दळून स्क्रीन प्रिंटिंगची शाई करा. ओला थर ३० ते ४० मायक्रॉन, १२० अंशांवर सुकवणं.

आता जी पायरी सगळे गाळायला बघतात ती. नुसतं हवेत भाजलं तर लेप सच्छिद्र राहतो आणि वाफ त्यातून आरामात जाते. आधी ४ ते ५ टक्के हायड्रोजन असलेल्या आर्गॉनमध्ये ८०० ते ८५० अंशांवर दोन-चार तास ठेवायचं: कोबाल्ट धातू होतं, मँगनीजचा साधा ऑक्साइड होतो. मग हवेत ८०० ते ९०० वर पुन्हा ऑक्सिडेशन. दुसऱ्या वेळी स्पिनेल परत बनताना आकारमान वाढतं, कण एकमेकांत घुसतात आणि १० ते १५ मायक्रॉनचा घट्ट थर मिळतो. स्वस्त पडतं म्हणून आर्गॉनऐवजी नायट्रोजन घेतला तर क्रोमियमचे नायट्राइड होण्याची भीती असते. हायड्रोजन सुरू करण्याआधी नळीतली हवा पूर्ण काढा, आणि हवा सोडण्याआधी हायड्रोजन पूर्ण काढा.

कडा, भोकं, हवेच्या शिरकावाचे खाच यांच्यावर स्क्रीन पोहोचत नाही. तिथे ब्रशने लावा किंवा फवारा. चकचकीत लेप घातलेल्या पत्र्याच्या उघड्या कडेवरून वर्षभर क्रोमियम उडत राहिल्याचं कॅथोडच्या नकाशावर स्पष्ट दिसतं: दूषित पट्टा बरोबर भोकाच्या रेषेत असतो.

दुसरा मार्ग प्लेटिंगचा, आणि नाशकात प्लेटिंगची दुकानं कमी नाहीत. एक-दोन मायक्रॉन कोबाल्ट चढवून हवेत तापवलं की कोबाल्ट ऑक्साइड आणि मग स्टीलमधून वर आलेल्या मँगनीजमुळे स्पिनेल मिळतो. स्वीडनच्या सँडविकने तर ०.६ मायक्रॉन कोबाल्टचा पत्रा गुंडाळीनेच विकायला आणला होता. प्लेटरशी बोलताना दोन गोष्टी लिहूनच द्या. "कोबाल्ट नाही, निकेल मारून देतो" याला नकार, कारण निकेल फेरिटिक स्टीलमध्ये (४३०, ४४१, क्रोफर याच जातीचे) मुरून पृष्ठभागाची जातच बदलतं. आणि शेवटचं क्रोमेट पॅसिव्हेशन नको. झिंकच्या कामाच्या सवयीने पोरं जॉब सरळ क्रोमेटच्या टाकीत बुडवतात, आणि आपण ज्या क्रोमियमपासून पळतोय तेच चढवून पत्रा घरी येतो. स्वच्छ धुण्याची टाकीही वेगळी मागा.

हवा

किलोवॉटच्या स्टॅकला, प्रत्येक सेल ०.८ व्होल्टवर आणि हवेतला २५ टक्के ऑक्सिजन वापरला जातो असं धरून, तासाला सुमारे ५ घनमीटर हवा लागते. जुलैत घनमीटरमागे २० ग्रॅम पाणी, म्हणजे तासाला १०० ग्रॅम. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी कामाचं धरतं, तेव्हा एक किलो जेल दोन तासांत संपेल. तो नाद सोडा. हवा ५ अंशांपर्यंत थंड करून पाणी काढलं तर जुलैची जानेवारी होते; त्यासाठी साधारण ८० वॉट उष्णता काढावी लागते, म्हणजे कूलरला ४० वॉटच्या आसपास वीज. निर्मितीच्या ४ टक्के. लेप चांगला असेल तर ही किंमत मोजू नये, आधी लेप सुधारावा. बटण सेलचं गणित मात्र वेगळं: मिनिटाला १५० मिली हवेला पाव किलो जेल दहा-अकरा दिवस पुरतं, आणि तिथे कोरडा-ओला अशी तुलना करून बघण्यासाठी ते घालावंच.

तुलनेची साधी मांडणी अशी. एकाच बॅचचे तीन सेल. पहिल्याला फक्त सोन्याची जाळी, धातू नाही. दुसऱ्यावर उघड्या ४४१ चा तुकडा, तिसऱ्यावर लेप दिलेला. तिघांना २५ अंशांच्या बबलरमधून आलेली ओली हवा, बबलरमध्ये डीआय, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी (नळाच्या पाण्याच्या थेंबांबरोबर सोडियम आणि कॅल्शियम जातं), आणि बबलरपुढची नळी ५० अंशांवर गरम ठेवलेली, नाहीतर पाणी वाटेतच साचतं. प्रवाह एकसारखा. इम्पीडन्समध्ये, म्हणजे बदलत्या प्रवाहाने मोजलेल्या रोधात, ध्रुवीकरणाचा (इलेक्ट्रोडवरच्या क्रियेचा) भाग वाढला तर कॅथोड बाधला. ओहमिक भाग, म्हणजे साधा वाहकतेचा रोध, वाढला तर आधी पत्र्यावरचा थर आणि संपर्क तपासा. पहिला सेलही घसरत असेल तर रिग गळका किंवा घाण आहे, बाकीचे आकडे फाडून टाका.

पाइपातून येणारं क्रोमियम अडवायला स्टॅकच्या अगदी आधी, गरम भागातच, गेटर, म्हणजे वाफ शोषून धरणारा पदार्थ, ठेवता येतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या गटाने स्ट्रॉन्शियम निकेल ऑक्साइड सिरॅमिक जाळीवर चढवून हे दाखवलं आहे: स्ट्रॉन्शियम वाटेतच क्रोमेट होऊन बसतं, म्हणजे कॅथोडचं मरण जाळी ओढून घेते. इंटरकनेक्टवर मात्र याचा उपयोग नाही, तो गेटरच्या पुढे असतो.

ब्लोअरचं तोंड कुठे आहे तेही बघा. शेजारी हार्ड क्रोम प्लेटिंगची टाकी असेल तर क्रोमिक ॲसिडचा तुषार थेट आत जातो. दिंडोरी-पिंपळगावकडे बागेला भुरीसाठी गंधक मारतात, आणि द्राक्षाच्या पॅकिंगमध्ये सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद घालतात. शीतगृहाला एसओएफसी जोडायचा विचार असेल तर हे गंधक एलएससीएफमधल्या स्ट्रॉन्शियमला सल्फेट करून बसवतं. त्याचं नुकसान क्रोमियमसारखंच दिसतं, उपाय वेगळा लागतो.

सापडलं कसं

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आधी. पांढऱ्या ॲल्युमिना नळीच्या किंवा डबीच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी छटा आली, तर क्रोमियम ॲल्युमिनात शिरलं आहे. माणकाचा रंग ज्या कारणाने येतो तेच कारण. नळीच्या बाहेर पडणाऱ्या, थंड होत जाणाऱ्या टोकाला पिवळट-तपकिरी कडं दिसलं तर तिथे वाफ बसली आहे.

त्या कड्याची चाचणी शहरातली कुठलीही सांडपाणी तपासणारी प्रयोगशाळा करून देईल, कारण प्लेटिंगवाल्यांना सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा पाळायची असते आणि तीच डायफेनिलकार्बाझाइड चाचणी इथे चालते. कडं मोजक्या डीआय पाण्याने धुवा. सल्फ्युरिक ॲसिडने सामू २ च्या आसपास आणा. ५० मिली ॲसिटोनमध्ये २५० मिलिग्रॅम डायफेनिलकार्बाझाइड विरघळवून त्यातलं २ मिली घाला, १०० मिलीपर्यंत पाणी भरा, पाच ते दहा मिनिटं थांबा आणि ५४० नॅनोमीटरवर वाचा. जांभळा रंग आला की सहा संयुजेचं क्रोमियम आहे. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा, रंग धरलेलं फेकून द्या. तीन संयुजेचा क्रोमिया यात दिसत नाही, त्यामुळे एलएसएमवरचं नुकसान या चाचणीतून सुटतं. उडणारं क्रोमियम तासातासाने मोजायचं तर २०१० मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने मांडलेली पद्धत वापरा: नमुन्यामागे लगेच सोडियम कार्बोनेट चढवलेली काचनळी, वाफ तिथे सोडियम क्रोमेट होते, ती धुवायची आणि मोजायची. नमुना न थंड करता नळी बदलता येते.

सेमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) ईडीएक्स, म्हणजे क्ष-किरणांच्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याची चाचणी, करणाऱ्यांनी जपून. लँथेनमची एक रेषा ५.३८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला येते आणि क्रोमियमची मुख्य रेषा ५.४१ ला. क्रोमियमची दुसरी रेषा ५.९५ ला, मँगनीजची मुख्य ५.९० ला. ईडीएक्सची विभेदनक्षमता साधारण ०.१३, म्हणजे या जोड्या त्याला वेगळ्या दिसणं शक्यच नाही. कोऱ्या एलएससीएफवरही सॉफ्टवेअर टक्काभर क्रोमियम दाखवू शकतं आणि एलएसएमवर खरं क्रोमियम लपू शकतं. न वापरलेल्या सेलचा तुकडा त्याच सेटिंगवर बाजूला ठेवून मोजा, आणि अहवालात आकडा द्यायचा असेल तर डब्ल्यूडीएस ही रेषा जास्त बारकाईने वेगळ्या करणारी चाचणी करून घ्या.

पिवळी पूड फक्त स्टॅकमध्ये सापडते असंही नाही. कॅल्शियमयुक्त उष्णतारोधक ब्लँकेट किंवा कॅल्शियम असलेलं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचं वंगण) गरम स्टेनलेसला चिकटून राहिलं की बोल्टांभोवती, फ्लँजवर कॅल्शियम क्रोमेट जमतं. ते सहा संयुजेचं आहे आणि कर्करोगकारक आहे. एअर गनने उडवू नका, सुक्या ब्रशने झाडू नका. पी३ मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालून ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसा. पिवळा रंग जाऊन हिरवट होतो, म्हणजे क्रोमियम तीन संयुजेवर आलं. फडकी आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत बंद करून, त्यावर क्रोमियम लिहून, घातक कचऱ्यात द्या. पुन्हा बसवताना त्या बोल्टांना बोरॉन नायट्राइड लावा.